राणीच्या भावाचं उत्तर

मी एका राणीचं चरित्र लिहिलं आहे. युरोपातल्या एका थंड देशाची ती राणी. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ते मोठ्या अक्षरांत आहे आणि त्याच्याखाली लहान अक्षरांत माझं. ती दोन नावं अशी वर-खाली बघितली की मला शरम वाटते, म्हणून पुस्तक मी पालथं घालून ठेवतो. बायको झाडताना ते सरळ करते. तिला वाटतं, माझ्या हातून चुकून राहिलं.

मी शाळामास्तर. केशोरीकडच्या एका हायस्कुलात अख्खी नोकरी इतिहास शिकवण्यात घालवली. इतिहास म्हणजे भूगोलाच्या शेपटीला बांधलेला अर्धा विषय, त्यामुळे इतिहासाच्या मास्तराला कोणी फारसं विचारत नाही. मला मात्र आपण विद्वान असल्याची खात्री होती. गावात कोणाचं भांडण मिटवायचं, कोणाचा अर्ज लिहायचा, कोणाच्या पोराला काय शिकवायचं, सगळं माझ्याकडे यायचं. मी चष्मा कपाळावर सरकवून निकाल द्यायचो. तसा चष्मा सरकवायची मला सवयच लागली होती.

राणी मला गोंदियाला सापडली. डोळे तपासायला गेलो होतो, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून रद्दीच्या दुकानात शिरलो. तिथे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात तिची हकीकत होती आणि तिने माहेरी लिहिलेली पत्रं होती. माहेरून आलेली उत्तरं मात्र नव्हती, ती कोणी जपलीच नसावीत. डोळ्यांत औषध घातल्याने पुसट दिसत असतानाही मी गाडीत पहिली वीस पानं वाचली आणि घरी येईपर्यंत माझं ठरलं, हे मराठीत आणायचं.

तिची गोष्ट तशी थोडक्यात सांगता येते. तिचा थोरला भाऊ राजा होता. शेजारच्या राज्याशी त्याचं जुनं भांडण. ते मिटवायचं ठरलं तेव्हा तहात एक कलम बहिणीचं घातलं. ती सोळा वर्षांची. नवऱ्याचं एक तळहाताएवढं चित्र तिला दाखवलं, त्यात तो हसत होता. सरहद्दीवर तिच्या माहेरच्या दासी परत पाठवल्या, अंगावरचे कपडेसुद्धा बदलून घेतले, म्हणजे तिकडचं काही इकडे यायला नको. राजा तिच्याशी बोलत नसे. जेवताना लांबलचक टेबलाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. दरबाराची भाषा तिला येत नव्हती आणि शिकवायची कोणाला गरज वाटली नाही. तिने भावाला पत्र लिहिलं, मला घेऊन जा. मग दुसरं लिहिलं. मग पुष्कळ लिहिली. शेवटी एका दूरच्या किल्ल्यात, तिशीही न गाठता ती वारली.

हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा डोळे पुसायच्या. मीही चष्मा पुसायचो. त्या भावाचा मला भयंकर राग होता. चौथ्या प्रकरणात मी त्याच्याबद्दल लिहिलं, 'बहिणीच्या आयुष्याने शांतता विकत घेऊन हा गृहस्थ रात्री सुखाने झोपत असे.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते भेटेल त्याला ऐकवायचो. पोस्टमनलाही ऐकवलं. तो म्हणाला, 'बराबर आहे, गुर्जी,' आणि सही घेऊन गेला.

माझं अक्षर वाईट. हस्तलिखित टाईप करायचं काम माझ्या भाचीने घेतलं. माझी धाकटी बहीण लग्नानंतर पाच वर्षांत विधवा होऊन माझ्या घरी आली, तेव्हा ही पोर कडेवर होती. माझ्याच घरात वाढली. बारावीनंतर टायपिंग शिकली आणि अर्जुनीला एका दुकानात बसू लागली. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, शाळेचे दाखले, सगळं तिच्या बोटांखालून जायचं. घरी आली की माझी पानं घेऊन बसायची. टाईप करता करता वाचायची आणि वाचता वाचता चुका काढायची.

'मामा, हे वाक्य राणीसाठी लिहिलं का सोतासाठी?' ती विचारायची.

मी चिडायचो. मग ते वाक्य काढून टाकायचो. खरं सांगायचं तर पुस्तकात जे काही बरं आहे, ते तिने मला काढू न दिलेलं आहे.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं त्याच्यावर येऊन अडतं.

आमच्या लोकांनी मागे कधी काळी या भागातले तलाव बांधले. त्याचा आम्हाला केवढा अभिमान! पाहुणा आला की आधी त्याला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, नेऊन उभा करतो. पण बांधणाऱ्यांच्या पणतवांना त्या तलावाचं पाणी नीट वाटून घेता येत नाही. माझी शेती तलावाच्या खाली, शेवटाला. पाणी सोडायचं दार, ज्याला आम्ही तुडूम म्हणतो, ते उघडलं की पाट आधी पलीकडच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या बांध्यांमधून, म्हणजे धानाच्या खाचरांमधून, येतो, मग माझ्याकडे आणि माझ्याबरोबरच्या आणखी काही घरांकडे. त्या शेतकऱ्याचं नि माझ्या वडिलांचं कधीतरी वाजलं होतं. तेव्हापासून तो नेमका धान निसवायच्या वेळी, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या दिवसांत, पाटात मातीचा ढीग टाकून पाणी अडवायचा. ते आठ-पंधरा दिवस पाणी नसलं की लोंबीत दाणा भरत नाही. वरून हिरवं, आत पोचट. आम्ही तहसीलपर्यंत जाऊन आलो होतो. गावाचे तंटे मिटवणाऱ्या मास्तराला स्वतःचा तंटा मिटवता येईना, हे माझ्या फार जिव्हारी लागलं होतं.

भाऊबीज झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुपारी दंडार नाचते, पाळणे येतात, जिलेबीच्या कढया लागतात, घरोघर पाहुणे. पण मंडईचं खरं काम वेगळंच, सोयरिकी जमवणं. वेगळा कांदेपोह्यांचा दिवस कोणी ठरवत नाही. मंडईला आलेल्या पाहुण्यांत पोरगा असतो, चहा घेऊन येते ती पोरगी असते, सगळ्यांना सगळं माहीत असतं. त्या वर्षी आमच्या मंडईला तो पलीकडचा म्हातारा आला. पानठेल्याजवळ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'गुर्जी, तुमची भाची आमच्या पोराले द्या जी. मंग पान्याचा तंटा कोनासंग कराचा? सोयऱ्यासंग?'

माझा आनंद मला लपवता आला नाही. पोरगा शिकलेला, तिरोड्याला वीज केंद्रात कामाला, दिसायला चांगला. मी त्याला नववी-दहावीत शिकवलेलं. आणि वरून पाणी. आणि माझ्या मध्यस्थीने. बरोबरची घरं माझ्याकडे किती आशेने बघत होती, ते मी पानठेल्याजवळूनच बघितलं.

तासाभराने तो पोरगा मला शोधत आला. दंडारीच्या मंडपामागे गाड्या लावल्या होत्या तिथे मला गाठलं. शाळेत उत्तर येत नसलं की उभा राहायचा तसाच उभा राहिला, हात मागे.

'सर, मले हे लगन नाई कराचं. तिरोड्याले एक पोरगी आहे. आमचं ठरलं आहे. बाबूजीले सांगाची हिंमत नाई माह्यात. तुमी नाई म्हना न जी. पोरीकडून नाई आलं का मिटलं.'

मी चष्मा कपाळावर सरकवला. 'बापाचं ऐक,' मी म्हणालो. 'ह्या वयात असं वाटते. लग्न झालं का माणूस सगळं विसरते.'

तो 'हो जी' म्हणाला आणि गेला. दोन मिनिटांचं बोलणं. हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. त्या आठवड्यात मी पुस्तकाचं तिसरं प्रकरण लिहीत होतो. राजाचं मन दुसरीकडे गुंतलेलं आहे हे राणीच्या माहेरच्या वकिलाला ठाऊक होतं आणि त्याने ते कळवलं नाही, असं त्यात आहे. त्या वकिलाला मी दोन पानं झोडपलं आहे. मला काहीही खटकलं नाही. हे सगळ्यांत लाजिरवाणं आहे, पण खरंच खटकलं नाही. माझ्या लेखी इतिहास युरोपात घडत होता आणि आमच्याकडे नुसती मंडई भरली होती.

संध्याकाळी ते बापलेक आमच्याकडे चहा पिऊन गेल्यावर भाचीने विचारलं, 'मामा, तो बोलत काऊन नाई?'

'लाजते.'

'लाजून नाई रायला. दुसरीकडंच पाहून रायला होता.'

'तुझ्याकडे टक लावून पाहिलं असतं तर चाललं असतं तुले?'

ती गप्प झाली. वादात जिंकल्याचा मला आनंद झाला. वर्गात पोरांना गप्प करण्यात हयात गेलेली, गप्प बसणं म्हणजे पटणं, असंच मी धरून चाललो होतो. बहिणीने माझ्याकडे बघून 'तू म्हनशीन तसं' म्हटलं. ती माझ्या घरात राहत होती, माझ्या ताटात जेवत होती, दुसरं काय म्हणणार होती? हे मला आत्ता सुचतं. तेव्हा वाटलं, बहिणीचा माझ्यावर किती विश्वास आहे.

साक्षगंध झालं, वैशाखात लग्न झालं. मंडपात नवरीला मामा घेऊन येतो. मी तिला घेऊन आलो. तिचा हात गार होता आणि मी तिला हळूच म्हणालो, 'राणीसारखी दिसून राहिली.' तिने माझ्याकडे बघितलं. हे लिहिताना माझे कान तापतात.

त्या वर्षी अश्विनात पाटातून पाणी आलं. पहिल्यांदाच, न भांडता. नवरात्रात एक दिवस दुपारी मी बांधीच्या धुऱ्यावर, कडेच्या मातीच्या बांधावर उभा होतो, पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरताना बघत होतो. शेजारचा म्हणाला, 'गुर्जी, तुमच्यानं झालं.' तेवढ्यात फोन वाजला. भाची.

'मामा, मी घरी येतो आता,' ती म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात.

मी म्हटलं, ये न, दसऱ्याला ये.

'तसं नाई जी. कायमचं.'

मग तिने सांगितलं. तो तिरोड्यालाच असतो. रविवारी येतो, पुढच्या खोलीत झोपतो. मारत नाही, रागावत नाही, बोलतच नाही. लग्नापासून एकदाही तिला नावाने हाक मारलेली नाही. सासू म्हणते, तुलेच जमत नाई. टायपिंगच्या दुकानात जायचं नाही, सुनेने कायले जायचं. दिवसभर घरात कोणाशी बोलणं नाही. मग तिने विचारलं, 'मामा, तुमाले काही माहीत होतं का जी?'

पाणी पायाशी वाहत होतं. शेजारचा चार हातांवर उभा होता.

'मले काय माहीत असनार?' मी म्हणालो. आणि मग तिला बोलायला जागाच राहू नये म्हणून भराभरा बोलत सुटलो. 'हे पाह्य बाई, मानूस खराब नाई, अबोल आहे. तुले खायले-नेसाले काही कमी आहे का? घरात कोनी हात उचलते का? मंग? वरीस-दोन वरीस काढ. आत्ता कुठं पानी सुरू झालं. तू परत आली तर माह्यी नाचक्की होईन, ते मी सोसीन. पन बाकीच्या घरांनं काय करावं? तू हुशार आहेस. समजून घे.'

ती 'हो' म्हणाली. मग म्हणाली, 'पुढचं प्रकरण पाठवा. मोबाईलवर टाईप करून देतो. तेवढाच वेळ जाते.'

फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. पोरगी समजूतदार आहे, असं मी शेजाऱ्याला सांगितलं.

पुढची दोन वर्षं मी वहीतल्या पानांचे फोटो काढून तिला पाठवत राहिलो आणि ती टाईप करून परत पाठवत राहिली. सणावाराला यायची, एक दिवस राहून जायची. बारीक झाली होती. विचारलं की 'बरं आहे' म्हणायची. मीही खोदून विचारत नव्हतो, कारण खोदलं तर काय निघेल ते मला ठाऊक होतं. पाणी दरवर्षी येत होतं. मधेच माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि सहा-सात महिने लिहिणं बंद पडलं. पण पुस्तक पुरं झालं. तिने सगळी पानं लावून, जुन्या दुकानातून छापून घेऊन, तीन वेळा तपासायला पाठवली. मास्तराची खोड, मी लाल पेन घेऊन बसायचो आणि समासात शेरे मारायचो. नवव्या प्रकरणात राणीच्या पत्राला भावाने दिलेलं उत्तर होतं. मूळ उत्तर मिळत नाही म्हणून ते कल्पनेने लिहायचं मी ठरवलं होतं. ते वाचून मी थक्क झालो. आपण इतकं चांगलं लिहून गेलो! समासात मी लाल शाईने 'छान' लिहिलं. स्वतःच स्वतःला.

गेल्या अश्विनात एका रविवारी सकाळी, अर्जुनीच्या एका शाळेच्या सभागृहात प्रकाशन झालं. गोंदियाहून इतिहासाचे एक प्राध्यापक पाहुणे म्हणून आले होते. माझे जुने विद्यार्थी होते, सोयरेधायरे होते. तिसऱ्या रांगेत बहीण आणि तिच्याशेजारी भाची. मला एक पान वाचून दाखवा म्हणाले. कोणतं वाचायचं यावर मला विचार करावा लागला नाही. राणीला तिच्या भावाने काय उत्तर दिलं ते ऐका, असं म्हणून मी वाचलं:

'प्रिय भगिनी, तुझे पत्र पावले. राजा वाईट नाही, अबोल आहे. तुला अन्नवस्त्राची काही उणीव आहे काय? राजवाड्यात तुझ्यावर कोणी हात उगारतो काय? मग वर्ष-दोन वर्षे काढ. दोन्ही देशांत आत्ता कुठे शांतता सुरू झाली आहे. तू परत आलीस तर माझी नाचक्की होईल, ती मी सोसेन. परंतु बाकीच्या प्रजेने काय करावे? तू हुशार आहेस. समजून घे.'

मी वाचनात आवाजाचे चढउतार चांगले करतो. 'समजून घे' वर जरा थांबलो. टाळ्या पडल्या. प्राध्यापक माझ्याकडे वाकून गोंदियाच्या सवयीने हिंदीत म्हणाले, 'क्या बात है सर! इस भाई को तो लगता भी नहीं कि वो कुछ गलत कर रहा है।' मी माईक परत ओढून घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, 'अशी माणसं शेवटपर्यंत स्वतःला सज्जनच समजतात.' पुन्हा टाळ्या. मी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. बहीण पदराने डोळे पुसत होती. भाची टाळ्या वाजवत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, पोरगी भारावली.

चहाच्या वेळी प्राध्यापकांनी विचारलं, हे पत्र तुम्ही कशाच्या आधारावर रचलं? मी म्हटलं, माझ्या वहीत टिपणं आहेत, फोटो काढून पाठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी वह्या काढून बसलो. नवव्या प्रकरणाची वही सापडली. राणीचं पत्र होतं, माझ्याच खरडीत. त्याच्याखाली दोन शब्द, 'भावाचे उत्तर', आणि कंसात 'ऑपरेशननंतर लिहिणे'. पुढे पान कोरं. त्याच्या पुढचंही. मग एकदम दहावं प्रकरण सुरू होत होतं.

मी ते लिहिलंच नव्हतं.

छापील पुस्तक उघडून ते पत्र पुन्हा वाचलं. या वेळी मोठ्याने नाही वाचलं, मनात वाचलं, आणि तिसऱ्या ओळीला मला पाण्याचा आवाज ऐकू आला. शब्द न् शब्द माझा होता. तिने त्याला फक्त दरबारी कपडे घातले होते. मी हा कागद तीन वेळा तपासला होता. त्यावर शेरा दिला होता. भर सभेत त्या भावाची लक्तरं काढली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. आणि ती तिसऱ्या रांगेत बसून बघत होती. अंगणात बहीण तांदूळ निवडत होती. तिच्याकडे बघायची मला छाती झाली नाही. मागच्या दाराने निघालो.

पाळीवरून चालत गेलं तर पलीकडचं गाव अर्ध्या तासावर आहे. सासू-सासरे कुठे तेराव्याला गेले होते, घरात ती एकटीच. मला बघून तिने बाज टाकली. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच म्हणालो, 'ते पत्र मी वहीत पाहिलं. म्हणजे, नाही पाहिलं.'

'आता पाहिलं का?' ती म्हणाली.

मी म्हणालो, मी तुझा गुन्हेगार आहे. मग मी ते सांगितलं, जे तीन वर्षं पोटात ठेवलं होतं. मंडईतलं. मंडपामागे पोरगा मला काय म्हणाला आणि मी काय म्हणालो. म्हातारपणी माणसाला रडूही नीट येत नाही, नाकच गळत राहतं. तिने आत जाऊन तांब्या आणून दिला.

'माहीत आहे मले,' ती म्हणाली.

'कधीपासून?'

'लग्नाच्या चौथ्या दिवशी सांगितलं त्यानं. म्हने, सरले सांगितलं होतं मी. तेवढंच बोलला.' ती बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली. 'म्हनून तं फोन केला होता तुमाले. तुमी सांगता का, ते पाह्याले. तुमी सांगितलं असतं न मामा, तं मी घरी आलो नसतो तरी चाललं असतं.'

मी म्हटलं, मग पुस्तकात तसं का घातलंस?

'तुमी वाचता म्हनून. माह्यं बोलनं नाई तं, लिहिलेलं तरी.' ती जराशी हसली. 'तीनदा पाठवलं. मले वाटे, आता ओळखतीन, आता ओळखतीन. तुमी तं छान लिहून पाठवलं.'

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, 'चल. आत्ताच्या आत्ता घरी चल. कोण काय म्हणते ते मी पाहून घेतो.' हे मी मनापासून म्हणालो. म्हणताना आपण आता काहीतरी फेडतो आहोत असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडा उजळही झालो मी स्वतःच्या नजरेत.

'घरी नाई येत मी,' ती म्हणाली. 'गोंदियाले एका छापखान्यात काम पाह्यलं आहे. एक तारखेपासून. राहाले खोलीबी पाह्यली. आईले नेतो संगं, तिले सांगितलं आहे. आमचं दोघांचंबी सोडचिठ्ठीचं ठरलं, वकील त्यानंच पाहून देला.'

'तो बोलला?'

'हो. ह्या महिन्यात लय बोललो आमी. तो बी सुटून रायला न.'

माझी बहीण माझ्या घरातून जाणार होती आणि ते मला शेवटी कळत होतं. मला विचारायचा कोणाला काही अर्थच वाटला नव्हता, आणि ते बरोबरच होतं. भाची उठून अंगणाच्या कडेला गेली. तिथून उतार दिसतो, वरती त्यांच्या बांध्या, खाली आमच्या. या वर्षी धान चांगलं होतं. पहिल्या लोंब्या बाहेर पडत होत्या.

'परवा सासऱ्याले सांगनार आहो आमी,' ती म्हणाली. 'मंग पानी बंद करतीन ते. त्याच दिवशी. आनखी आठ दिवस थांबलं तं तुमचं धान निघून जाईन, हे मले समजते. पन मले आता एक दिवसबी नाई थांबाचं.' मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, 'चालते न जी तुमाले?'

'चालते,' मी म्हणालो. पण ते म्हणायच्या आधी मी धानाकडे बघितलं होतं, आणि तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत थांबली होती.